व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २: एफपीएस वाढवायचाय, पण सुरुवात कुठून करायची?

"सगळं लो मार", म्हणजे ग्राफिक्सची सगळी सेटिंग सर्वांत खालच्या पातळीवर आण, हा सल्ला कुठल्याही गेमिंग ग्रुपवर पहिल्या मिनिटाला मिळतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. व्हॅलोरंटमध्ये अनेक पीसींवर सगळं लो करूनही एफपीएस (सेकंदाला तयार होणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) जागचा हलत नाही, कारण तिथे अडचण ग्राफिक्स कार्डाची नसतेच. काउंटर-स्ट्राइक २मध्ये सगळं लो केल्यावर आकडा वाढतो खरा, पण कोपऱ्याआडच्या गड्याची जमिनीवर पडलेली सावली दिसायची बंद होऊ शकते. फ्रेम मिळाल्या, माहिती गेली.

हा लेख पीसी किंवा लॅपटॉपवर मल्टिप्लेअर शूटर नव्याने खेळू लागलेल्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः या दोन गेमची घेतली आहेत. दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि यंत्रावर दोघांचा भार वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. त्यामुळे या दोघांवर हात बसला की तिसरा गेम कसा हाताळायचा हे आपसूक कळतं.

आधी थोडं गणित

एफपीएस म्हणजे तुमचं मशीन एका सेकंदात किती चित्रं तयार करतं. हर्ट्‌झ म्हणजे मॉनिटर एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि नवे लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलिसेकंदांनी. या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ६० वरून १४४ वर गेलात तर फ्रेममागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलात तर तीनहून कमी. पहिली उडी डोळ्यांना आणि हाताला लगेच जाणवते. दुसरीसाठी कुणी महागडा मॉनिटर घ्यायला सांगत असेल तर जरा थांबा.

मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असला तरी १२० एफपीएसचा उपयोग होतो. मॉनिटर दाखवतो त्या क्षणी त्याच्या हाती अधिक ताजी फ्रेम असते, त्यामुळे माउस हलवल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा वेळ घटतो.

सरासरीपेक्षा महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे. समजा, एका पीसीवर एफपीएस बहुतेक वेळ २१० असतो, पण दोन स्मोक (धुराचे गोळे) आणि एक ग्रेनेड एकत्र फुटले की ७० वर कोसळतो. दुसऱ्या पीसीवर तो कायम १२० च्या आसपास असतो. सरासरीत पहिला जिंकेल, पण गोळीबाराच्या नेमक्या वेळी दुसरा बरा. म्हणून मोजताना "वन पर्सेंट लो" हा आकडा पाहा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेळी एफपीएस किती होता, ते तो सांगतो. पुढच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू हा खालचा आकडा वर आणणं हा आहे. वरचा आकडा फार तर स्क्रीनशॉट टाकायला उपयोगी.

पायरी १: लॅग कुठला ते ओळखा

"गेम लॅग मारतोय" या एका वाक्यात दोन वेगळे आजार मावतात. शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा सरकतो, तुमची गोळी लागलेली दिसते पण धरली जात नाही, किंवा तुम्ही भिंतीआड पोचल्यावर मरता: हा बहुधा नेटचा प्रश्न. याला ग्राफिक्स सेटिंगमध्ये औषध नाही. माउस फिरवताना सगळं दृश्यच अडखळतं, गुळगुळीत वाटत नाही, तर तो एफपीएसचा प्रश्न.

नेटचा असेल तर राउटरपासून लॅन केबल ओढा. जमत नसेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्‌झवाला बँड वापरा आणि घरात कुणी त्याच वेळी मोठं डाउनलोड करत नाही ना, ते बघा. गेममध्ये सर्व्हर मुंबईचाच निवडला गेलाय याची खात्री करा. पुण्या-नाशिककडच्या खेळाडूचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) सिंगापूर सर्व्हरवर विनाकारण चढतं, आणि दोष बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला मिळतो. नेटबद्दल इथे एवढंच.

पायरी २: मीटर लावा

न मोजता सेटिंग बदलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. व्हॅलोरंटमध्ये सेटिंग्ज, व्हिडिओ, स्टॅट्स इथे जा आणि क्लायंट एफपीएस मजकूर किंवा आलेख म्हणून सुरू करा. आलेखच घ्या, त्यातले उंच सुळके म्हणजेच ते अडखळणं. काउंटर-स्ट्राइक २मध्ये गेम सेटिंग्जमध्ये टेलिमेट्री नावाचा भाग आहे. तिथे फ्रेम टाइम आणि एफपीएस कायम दाखवायला सांगता येतं.

सोबत एमएसआय आफ्टरबर्नर टाका. हे मोफत आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमुळे खेळताखेळता कोपऱ्यात जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर, तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर दिसतो. डाउनलोड करताना अधिकृत साइटच घ्या. या नावाच्या बनावट साइट फिरत असतात आणि त्यातून व्हायरस पसरतात.

आता मोजायची जागा ठरवा. प्रॅक्टिस रेंजमधला आकडा फसवा असतो, कारण तिथे कुणी लढत नसतं. डेथमॅच (मेलं की लगेच पुन्हा उतरायचं, असा सततच्या लढाईचा मोड) खेळा, दरवेळी एकाच मॅपवर. काउंटर-स्ट्राइकसाठी स्टीम वर्कशॉपवर खेळाडूंनीच बनवलेले बेंचमार्क मॅप मिळतात. त्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो, धूर आणि आग लागते आणि शेवटी आकडे मिळतात. दरवेळी तीच वाट असल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना खरी होते.

काहीही बदलण्याआधीचे आकडे वहीत किंवा फोनमध्ये टिपून ठेवा. एका वेळी एकच सेटिंग बदला. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दहा गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाने झाला आणि दिसणं कशाने बिघडलं, ते कधीच कळत नाही.

पायरी ३: गेमबाहेरच्या चुका

गेमचा मेन्यू उघडण्याआधी या चार गोष्टी तपासा. निम्म्या नव्या लोकांचं काम इथेच होतं, असं माझं मत आहे.

मॉनिटरचा रिफ्रेश रेट. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणून जोडला तरी विंडोज त्याला ६० वर चालवत असण्याची दाट शक्यता असते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा बघा आणि बदला. यादीत १४४ येतच नसेल तर केबल बदला. जुन्या एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट वापरा.

केबल कुठे खोचली आहे. डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली असते. नव्याने जोडलेल्या पीसीत हे फार दिसतं. केबल खाली, कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये गेली पाहिजे.

चार्जर. लॅपटॉप बॅटरीवर असताना ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळतच नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये बॅटरीवर एफपीएस आपोआप ३० वर अडवला जातो. खेळताना चार्जर लावलेला हवा, आणि तोही सोबत आलेला मूळ; कमी वॅटचा टाइप-सी चार्जर चालणार नाही. विंडोजचा पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स" आणि कंपनीच्या ॲपमधला मोड "परफॉर्मन्स" किंवा "टर्बो" ठेवा. पंखे आवाज करतील, करू द्या.

कुठली चिप चालतेय. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक प्रोसेसरमधली आणि एक वेगळी. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमची फाइल निवडून "हाय परफॉर्मन्स" द्या. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर तो वेगळ्या चिपकडे वळवा आणि रीस्टार्ट करा. त्यामुळे चित्र प्रोसेसरमधल्या चिपमार्गे न जाता थेट स्क्रीनवर जातं, आणि जास्त एफपीएसच्या गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

त्याखेरीज मागे चालणारं सामान आवरा. वीस टॅब उघडलेला ब्राउझर, पार्श्वभूमीवर सुरू असलेलं गेम रेकॉर्डिंग, डिस्कॉर्डचा ओव्हरले. विंडोजचा गेम मोड सुरू असू द्या, त्याने नुकसान नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या.

पायरी ४: घोडं कुठे अडलंय, प्रोसेसरवर की कार्डावर?

सगळ्या लेखात एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

एक फ्रेम तयार व्हायला दोन कामं लागतात. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे गेली, काय काय काढायचं आहे. मग ग्राफिक्स कार्ड ते प्रत्यक्ष रंगवतं. ज्याला जास्त वेळ लागतो, एफपीएस त्याच्यावर ठरतो. कार्ड मोकळं बसलेलं असताना सावल्या आणि टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं) कमी केले तर त्याचं रिकामपण वाढेल, इतकंच.

ओळखायचं कसं? डेथमॅच सुरू असताना आफ्टरबर्नरमध्ये जीपीयूचा वापर बघा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडलंय कार्डावर. तो ५०-६० टक्क्यांवर लोळतोय आणि तरी एफपीएस कमी आहे, तर अडलंय प्रोसेसरवर किंवा रॅमवर. मात्र आधी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करून मगच हे बघा, नाहीतर मर्यादेमुळे आळसावलेलं कार्ड पाहून तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. प्रोसेसरचा एकूण वापर बघूनही फसू नका. तो ४० टक्के दिसतो, पण गेमचं मुख्य काम एकदोन कोअरवरच चालतं आणि ते कोअर पूर्ण भरलेले असतात.

दुसरी चाचणी आणखी सोपी. रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून एकदम १२८०×७२० करा. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी. एफपीएस भरपूर वाढला तर कार्ड अडत होतं. जेमतेम हलला तर प्रोसेसर. चाचणी झाली की रिझोल्यूशन परत पूर्ववत करा.

व्हॅलोरंट जवळजवळ नेहमी प्रोसेसरवर अडतो. २०२० मध्ये गेम आला तेव्हा रायट गेम्सने १४४ एफपीएससाठी जीटीएक्स १०५० टीआय पुरेसं असल्याचं सांगितलं होतं, आणि ते कार्ड तेव्हाच जुनं झालेलं होतं. गेमचं चित्र मुद्दाम साधं ठेवलं आहे. म्हणून आरटीएक्स कार्ड असलेल्या पीसीवर या गेममध्ये सगळं लो आणि सगळं हाय यांत फारसा फरक पडत नाही. काउंटर-स्ट्राइक २ चं तसं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स २ इंजिनवर आलेल्या या गेममध्ये प्रकाश, पाणी आणि पसरणारा, गोळीने भोक पडणारा धूर या सगळ्यांचा भार कार्डावर येतो. प्रोसेसरलाही तो सोडत नाही.

पायरी ५: सेटिंग एकेक

प्रत्येक सेटिंगला दोन प्रश्न विचारा: याने किती फ्रेम खाल्ल्या, आणि याने मला शत्रू नीट दिसतो का? जे खातं पण दाखवत नाही ते आधी काढायचं.

मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, डेप्थ ऑफ फील्ड, क्रोमॅटिक ॲबरेशन, व्हिनिएट. ज्या गेममध्ये असतील तिथे डोळे मिटून बंद. हे सिनेमासारखं दिसण्यासाठी असतं आणि लढताना फक्त आड येतं. व्हॅलोरंटमधले ब्लूम आणि डिस्टॉर्शनही बंद ठेवा.

सावल्या. हे सहसा सर्वांत महाग सेटिंग असतं. सावली काढायला गेमला दिव्याच्या किंवा सूर्याच्या जागेवरून तेच दृश्य पुन्हा एकदा मोजावं लागतं, त्यामुळे प्रोसेसर आणि कार्ड दोघांवरही भार पडतो. व्हॅलोरंटमधलं "कास्ट शॅडोज" बंद करून टाका. त्यात खेळाच्या उपयोगाचं काही नाही. काउंटर-स्ट्राइक २मध्ये मात्र खेळाडूची सावली त्याच्या आधी कोपऱ्याबाहेर येते आणि अनुभवी माणूस तेवढ्यावर गोळी घालतो. तिथे "डायनॅमिक शॅडोज" हे "ऑल" वरच ठेवा, आणि ग्लोबल शॅडो क्वालिटी एकेक पायरी उतरवत, दरवेळी सावली शाबूत आहे ना ते पाहत थांबायची जागा शोधा. फ्रेम वाचवायच्या तर दुसरीकडे वाचवा.

टेक्स्चर. सगळे हे पहिलं लो करतात आणि बहुतेकांना काही मिळत नाही. टेक्स्चर कार्डाच्या व्हीरॅममध्ये बसत असतील तर त्यांचा एफपीएसवर जवळजवळ परिणाम होत नाही. बसत नसतील तेव्हा मात्र जोरदार अडखळतं, कारण माल साध्या रॅममधून ओढावा लागतो. जीटीएक्स १६५० सारख्या ४ जीबी कार्डावर या दोन्ही गेममध्ये मीडियम सहसा आरामात चालतं. आफ्टरबर्नरमध्ये व्हीरॅम काठोकाठ दिसली तरच खाली या. वेगळं कार्डच नसेल, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल, तर लो.

ॲनायसोट्रॉपिक फिल्टरिंग. तिरकी दिसणारी जमीन आणि भिंत यांची स्पष्टता यावर ठरते. वेगळ्या कार्डावर हे ४ किंवा ८ पट ठेवलं तरी फारसं जात नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर कमीच ठेवा.

अँटी-अलायझिंग. कडांवरचे दाते घालवतं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्हींत त्याचा एमएसएए हा प्रकार मिळतो. कमकुवत कार्डावर तो महाग पडतो, पण पूर्ण बंद केलं की दूरच्या आकृतीच्या कडा लुकलुकतात आणि डोळा उगाच तिकडे जातो. माझी पसंती २ पट, आणि कार्डाला झेपलं तर ४ पट.

इफेक्ट्स, पार्टिकल, शेडर डिटेल. शांत असताना यांचा भार दिसत नाही. आग, धूर, स्फोट एकत्र आले की आकडा कोसळतो तो यांच्यामुळे. म्हणूनच रिकाम्या मॅपवर मोजू नका असं वर म्हटलं. हे लो. अँबियंट ऑक्लूजनही (कोपऱ्या-खाचांतली बारीक सावली) बंद करा, दिसण्यात थोडी खोली जाते, बाकी काही बिघडत नाही.

व्हॅलोरंटमधली मटेरियल क्वालिटी, डिटेल क्वालिटी, यूआय क्वालिटी: तिन्ही लो. चित्र उलट स्वच्छ दिसतं. "मल्टिथ्रेडेड रेंडरिंग" हा पर्याय तुमच्या मशीनवर दिसत असेल तर तो ऑन करा. हा गेम प्रोसेसरवर अडतो आणि हे सेटिंग तेच काम अधिक कोअरमध्ये वाटतं, त्यामुळे सगळ्या मेन्यूत सर्वांत जास्त फायदा कदाचित या एका बटणाने होईल.

काउंटर-स्ट्राइकमधलं "बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट" थोड्या फ्रेम खातं, पण खेळाडूला मागच्या भिंतीपासून वेगळा उठून दाखवतं. ते ऑन ठेवा.

बॅटल रॉयल प्रकारात, जिथे मैदान मोठं असतं, तिथे व्ह्यू डिस्टन्स (किती दूरपर्यंतचं दाखवायचं) आणि झाडाझुडपांचं डिटेल हे आणखी दोन मोठे खर्च येतात. गवत कमी केलं तर फ्रेमही मिळतात आणि गवतात लपलेला माणूसही काही गेममध्ये लवकर दिसतो.

पायरी ६: रिझोल्यूशन, आणि एफएसआर-डीएलएसएस

इतकं करूनही कार्ड ९९ टक्क्यांवर असेल तर रिझोल्यूशनला हात लावा. १६००×९०० केलं तर पिक्सेल सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात आणि लॅपटॉपच्या लहान पडद्यावर ते खपून जातं. ७२० पर्यंत गेलात तर दूरचं डोकं दोनचार पिक्सेलचं उरतं आणि नेम धरणं अवघड होतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये १२८०×९६० ताणून खेळणारे बरेच आहेत, व्यावसायिक खेळाडूही. त्यात खेळाडू रुंद दिसतात, पण डावी-उजवीकडचं दृश्य कापलं जातं. ही सवयीची बाब आहे. नव्याने शिकताना पूर्ण रुंदीच घ्या.

एफएसआर आणि डीएलएसएस या युक्त्या चित्र आतून लहान आकारात काढून मोठं करतात. डीएलएसएस फक्त एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डावर चालतं. काउंटर-स्ट्राइक २मध्ये असलेलं एफएसआर कुठल्याही कार्डावर चालतं. पडदा १०८० चा असेल तर डीएलएसएसचा क्वालिटी मोड आतून ७२० वर काढतो, त्यामुळे १०८० वर थोडा धूसरपणा येतोच. मोठ्या मैदानाच्या गेममध्ये हे वापरायला हरकत नाही. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर अडणाऱ्या गेमला याचा उपयोगच नाही.

फ्रेम जनरेशन नावाचा पर्याय दिसला तर स्पर्धात्मक शूटरमध्ये बंद ठेवा. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घुसवून तो आकडा मोठा करतो, पण त्यासाठी पुढची खरी फ्रेम थोपवून धरावी लागते, त्यामुळे माउसची प्रतिक्रिया उशिरा येते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये तो छान आहे.

पायरी ७: व्ही-सिंक, रिफ्लेक्स, मर्यादा

व्ही-सिंक बंद. चित्र फाटल्यासारखं दिसणं त्याने थांबतं, पण प्रत्येक फ्रेम मॉनिटरसाठी ताटकळते. एनव्हिडिया रिफ्लेक्स दोन्ही गेममध्ये आहे, "ऑन" करा. ते फ्रेमची रांग साचू देत नाही, आणि कार्ड पूर्ण भरलेलं असताना त्याचा फायदा सर्वांत जास्त होतो.

मॉनिटरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक (एफपीएसनुसार मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) असेल तर तो सुरू ठेवून एफपीएसची मर्यादा रिफ्रेश रेटच्या थोडी खाली लावा, १४४ ला साधारण १४० च्या आसपास. ही सोय नसेल तर मर्यादा लावायची की नाही हे मशीनच्या स्वभावावर अवलंबून आहे. एफपीएस १३० ते २५० असा हेलकावत असेल तर १५०-१६० वर मर्यादा लावून बघा. आकडा कमी, पण हाताला स्थिर वाटतो, आणि लॅपटॉप कमी तापतो. मेन्यूमध्ये आणि विंडो मागे असतानाची मर्यादा तर ३०-६० वर लावूनच टाका. लॉबीत बसून ३०० एफपीएस काढत लॅपटॉप तापवण्यात काय अर्थ आहे?

ताप, धूळ आणि रॅम

पहिली मॅच मस्त, तिसरीला एफपीएस निम्मा: असं होत असेल तर सेटिंग्ज सोडा, तापमान बघा. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो, तिथे दुपारच्या आणि रात्रीच्या आकड्यांत फरक पडणारच. गादीवर लॅपटॉप ठेवून खेळू नका. मागची बाजू दोन बोटं उचलली जाईल असा स्टँड किंवा सरळ दोन पुस्तकं खाली ठेवली तरी तापमान उतरतं. वर्षा-दोन वर्षांनी जाळी आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. जुन्या लॅपटॉपला सोबत थर्मल पेस्टही बदलून घ्या. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी अटी वाचा.

रॅमकडे लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला हवं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे "स्लॉट्स यूज्ड" दिसतं. तिथे "१ ऑफ २" असेल तर तुमची रॅम एकाच चॅनेलवर चालतेय. स्वस्त लॅपटॉप बहुधा ८ जीबीच्या एकाच कांडीवर विकले जातात. दुसरी तशीच कांडी लावली की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी येते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त फायदा आहे, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. इंटेलचं आयरिस एक्सई तर एकाच चॅनेलवर साधं यूएचडी म्हणूनच चालतं.

डेस्कटॉपवाल्यांनी त्याच पानावर रॅमचा वेगही बघावा. ३२०० ची रॅम घेतली आणि तिथे २१३३ किंवा २६६६ दिसतंय, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सपो, सुरू करायचं राहिलंय. प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये वन पर्सेंट लो याने सुधारतो.

ज्याच्या नादी लागू नये

"एफपीएस बूस्टर" ॲप आणि युट्यूबच्या वर्णनात दिलेल्या झिप फाइल. त्या करतात ते काम टास्क मॅनेजर करतो, आणि उरलेलं काम तुम्हाला नको असलेलं असतं. विंडोज "हलकं" करणाऱ्या स्क्रिप्ट सुरक्षा आणि अपडेट बंद करतात. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षा सोयी मागतं, त्यामुळे असल्या उद्योगानंतर गेम सुरूच न होण्याची पाळी येते. गेमच्या मूळ फाइल बदलून टेक्स्चर काढणं हा प्रकार तर अँटी-चीटच्या नजरेत फसवणूकच ठरू शकतो, आणि बॅन झालेल्या अकाउंटमधले विकत घेतलेले स्किन परत मिळत नाहीत.

ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाल्यावर पहिल्या एकदोन मॅचमध्ये अडखळणं वाढलं तर लगेच सेटिंग बदलायला जाऊ नका. शेडर (चित्र कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात. डेथमॅचमध्ये थोडं फिरून या आणि मगच रँक्ड लावा. कुणाच्या सांगण्यावरून दर आठवड्याला शेडर कॅश (तयार शेडरचा साठा) पुसत असाल तर हे अडखळणं तुम्हीच ओढवून घेताय.

खिशात हात घालायचाच असेल तर

सगळं करून झालं, आकडे वहीत आहेत, तरी समाधान नाही. मग खरेदीचा क्रम पायरी ४ वरून ठरतो. एकच कांडी असेल तर दुसरी रॅम, कार्ड अडत असो वा प्रोसेसर. गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी. त्याने सरासरी एफपीएस वाढत नाही, पण मॅप लवकर उघडतो आणि मधले झटके कमी होतात. मशीन १२० च्या वर स्थिर काढतंय आणि मॉनिटर ६० चा आहे, तर १४४ किंवा १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर. जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तरच नवं ग्राफिक्स कार्ड, आणि घेण्याआधी तुमच्या पॉवर सप्लायला ते झेपतं का हे बघा. फक्त व्हॅलोरंट खेळत असाल आणि जीपीयू अर्धाच वापरात असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, कार्डाऐवजी प्रोसेसरला पैसे द्या.